मिस्त्रींच्या घरची पाहुणी

२०१९ उजाडलं तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत पाच कॅलेंडरं होती. एक चर्चचं, सणांच्या तारखा लाल शाईत छापलेलं. एक दूध डेअरीचं. एक बियाणांच्या दुकानाचं, त्यावर ढब्बू मिरची. एक मीच, मी नर्स आहे त्या डहाणूच्या दवाखान्यातून आणलेलं, औषध कंपनीचं, त्यावर माणसाचं यकृत. आणि पाचवं उंबरगावच्या एका किराणावाल्याचं, गुजराती, ज्यातले आकडे घरात फक्त माझ्या नवऱ्याला वाचता येत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, मिस्त्रींना कॅलेंडरांची हौस आहे. हौस कसली डोंबलाची. प्रत्येक कॅलेंडरामागे एक तडा होता.

मिस्त्री म्हणजे माझे सासरे. तलासरीच्या डोंगराकडच्या आमच्या गावातली निम्मी पक्की घरं त्यांच्या हातची. गावातल्या मिशनच्या आवारातली कुंपणाची भिंत त्यांची, विहिरीचा कठडा त्यांचा, आणि आमचं घर तर पायापासून कौलापर्यंत त्यांचं. त्यामुळे २०१८ची दिवाळी झाल्यावर आमच्याकडे जमीन हलायला लागली, तेव्हा साऱ्या गावात एकच माणूस असा होता की ज्याला धरणीकंप झाल्याचं मान्य नव्हतं.

पहिला धक्का बसला तेव्हा ते म्हणाले, अच्छाडच्या नाक्यावरून ट्रक गेला. अच्छाडला ट्रक असतात हे खरंच. हायवेवर रात्रंदिवस त्यांची रांग असते, आणि तिथल्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांचीच वर्दळ. पण अच्छाड आमच्या गावापासून इतकं लांब की तिथला ट्रक आमच्या मांडणीवरच्या कपबश्या हलवायचा तर आधी मधल्या गावांतल्या साऱ्या कपबश्या फोडून यावा लागेल. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, भरलेला ट्रक होता. दुसऱ्या धक्क्याला ते म्हणाले, खदानीत सुरुंग लावला. तिसऱ्याला परत ट्रक. एके दिवशी हायवेवर चक्काजाम होता, एक चाक हलत नव्हतं, आणि नेमका दुपारी चांगला दणकून धक्का बसला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी विडी विझवली, शांतपणे वर पाहिलं आणि म्हणाले, "इतके ट्रक एका जागी उभे राहिले तर जमीन दबणारच."

माझा स्वभाव तापट आहे हे मला माहेरीच सांगून टाकलं होतं. मी वसईकडची. २०१४ साली लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला वाटायचं की ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे आम्हालाच ठाऊक, कारण आमच्याकडे सणाला बँड असतो. इकडे बँड नव्हता. इकडे संध्याकाळी अंगणात गोधडी पसरून जपमाळेची प्रार्थना व्हायची, मधून कोंबडी जायची, आणि प्रार्थनेला शेजारच्या हिंदू काकीसुद्धा येऊन बसायच्या, कारण त्यांच्या मते देव कोणाचाही असला तरी शेजारणीचं बोलावणं चुकवायचं नसतं. मी नाक मुरडलं होतं. ते नाक सरळ व्हायला वर्ष-दीड वर्ष गेलं. ते सरळ केलं सासूबाईंनी, आणि त्यासाठी त्यांनी काहीही केलं नाही, नुसती एक गोष्ट सांगितली.

माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी सासरे बांधकामाच्या परांचीवरून पडले होते. पाय मोडला, कंबर गेली, वर्षभर खाटेवर. मिस्त्री खाटेवर पडला की घरात काय शिजतं ते सांगायला नको. सासूबाई दिवसभर चिकूच्या वाडीत फळं वेचायला जात आणि संध्याकाळी येऊन खाटेशेजारी बसून माळ म्हणत. सासऱ्यांना त्या काळात देवाचा इतका राग आला होता की त्यांनी एकदा उशी उचलून भिंतीवरच्या मारियामायच्या फोटोवर फेकली. सासूबाईंनी उशी उचलली, झटकली, त्यांच्या डोक्याखाली परत ठेवली आणि म्हणाल्या, खुशाल फेक, तिला लागत नाही, आणि माळ संपेपर्यंत तू तरी जाणार कुठे, पाय मोडलाय. मग पुढचं म्हणायला लागल्या. आमच्या माळेत प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो आणि उरलेला अर्धा बाकीचे. घरात बाकीचे कोणी नव्हतेच, मुलगा मिशनच्या बोर्डिंगात. सासूबाई आपला अर्धा भाग म्हणून थांबत आणि वाट पाहत. आठवडाभर त्या नुसत्या थांबत होत्या. मग एके दिवशी सासऱ्यांनी कंटाळून दुसरा अर्धा भाग म्हटला. "शांतता सहन होईना," असं ते अजून सांगतात. श्रद्धा, भक्ती असले शब्द ते या बाबतीत वापरत नाहीत.

पुढच्या वर्षी ते काठी घेऊन उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते बाहेरच्या खोलीच्या भिंतीत कोनाडा काढण्याचं. वर कमान, आत निळा ऑइलपेंट, पुढे बारीक नक्षी. तो कोनाडा मायसाठी. मला ही गोष्ट ऐकून रडू आलं होतं हे मी सासूबाईंना कळू दिलं नाही. कांदा चिरायला घेतला.

तर पहिला तडा गेला तो नेमका त्या कोनाड्याच्या कमानीतून.

तो चर्चच्या कॅलेंडरमागे गेला. तडा जसा वर चढला तसं कॅलेंडरही वर चढलं. शेवटी तारीख बघायला स्टूल लागायला लागलं. खरी गंमत म्हणजे कॅलेंडर लावायला सासरे खिळा ठोकत, आणि खिळा ठोकला की तडा आणखी बोटभर लांबे, मग त्या बोटभरासाठी नवं कॅलेंडर. उभं आयुष्य भिंती बांधण्यात घालवलेला माणूस आपल्याच हाताने भिंतीला खिळे मारत होता आणि आम्ही बघत होतो. नवरा एका कंपनीत वापीला शिफ्टमध्ये. तो म्हणाला, बाबांशी तू बोल, तुझं ऐकतात. आमच्या घरात माझं कोणी ऐकत असतं तर कॅलेंडरं पाच झाली असती का?

तहसीलकडून तंबू आले. सगळ्यांना सांगण्यात आलं की घरात झोपू नका. आमच्या अंगणातही एक खाकी तंबू लागला. मी आणि सासूबाई त्यात राहायला गेलो. पंधरा दिवसांत त्याचं घर झालं. दोरीवर नरपडच्या कोळणीकडून आणलेले सुके बोंबील, खांबाला आरसा, कोपऱ्यात मिक्सर, ज्याला वीज नव्हती. सासरे आले नाहीत. म्हणाले, मी काय सर्कशीत आहे? आणि काठी टेकत आत जाऊन आपल्या खाटेवर पडले.

एकटे तेच आत झोपले असते तर मी म्हटलं असतं, म्हातारा हट्टी आहे, पडू दे. पण गाव त्यांच्याकडे बघत होतं. ज्यांची ज्यांची घरं त्यांनी बांधली होती त्यांच्यातले कितीतरी जण तंबूत सामान ठेवत आणि झोपायला आत जात. थंडी होती, तंबूत कुत्री शिरत. आणि विचारलं की एकच उत्तर: मिस्त्री स्वतः आत झोपतात. घर पक्कं नसतं तर झोपले असते का?

शेजारच्या काकींचं तर वेगळंच. त्यांची लेक माहेरी बाळंत झाली होती. मागच्या खोलीत बाळंतीण, खाटेखाली शेगडी, खिडकीला गोणपाट. सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतिणीला वाऱ्यात आणायचं नाही हा काकींचा नियम, आणि तो नियम मोडायला मी नर्स असून काही करू शकत नव्हते. मी रोज डहाणूहून आले की बाळाला बघायला जायची. बाळ गोल, तब्येतीने उत्तम, नाकाने काकींवर गेलेलं. मी रोज म्हणायची, काकी, तुमच्या अंगणात तंबू रिकामा आहे. काकी रोज म्हणायच्या, "मिस्त्री आत हायत तवर माझी लेक आत हाय. त्यांच्या हातची भिंत हाय, आणि पायात तुमच्या मायचं मेडलपण हाय."

तेही खरंच होतं. घराचा पाया भरताना घरमालक नारळ, हळद-कुंकू जे काय आपलं असेल ते घाले, आणि सासरे सगळ्यांचं झाल्यावर मायचं एक छोटं मेडल तिथे टाकत. कोणाच्याही घराला. कोणी हरकत घेतली नाही. काकींचं म्हणणं असं होतं की दोन्हीकडून बंदोबस्त झालेला बरा.

एके संध्याकाळी मी बाळंतिणीच्या खोलीत गेले आणि खाटेच्या वरच्या भिंतीवर मला यकृत दिसलं. माझ्याच दवाखान्याचं कॅलेंडर. मी दोन आणली होती, एक हरवलं होतं. काकींना विचारलं. त्या कौतुकाने म्हणाल्या की सकाळी मिस्त्री येऊन लावून गेले. बाळाला बघायला आले होते, जाताना भेट म्हणून. मी कॅलेंडरचं खालचं टोक बोटाने उचललं. मागे तडा होता, आणि तो माझ्या करंगळीएवढा रुंद होता.

मला इतका संताप आला की घरी येईपर्यंत माझे कान गरम झाले होते. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. ट्रक नाही, सुरुंग नाही. भिंत गेलीय हे गावात सगळ्यात आधी त्यांनाच कळलं होतं. मी सासूबाईंना सांगितलं की आज मी बोलणार, आणि जे तोंडाला येईल ते बोलणार. सासूबाईंनी मला तंबूत बसवलं. म्हणाल्या, खाटेवर होता ना तेव्हा, रोज माळ झाली की गावातली घरं मोजायचा. हे माझं, ते माझं. हात-पाय गेले तरी घरं उभी हायत म्हणायचा. त्याच्यावर तो जगला. तू आता त्याला सांगशील, ती पण पडणार. मग काय राहिलं त्याचं?

मी म्हटलं, आई, भिंतीखाली बाळ आहे.

त्यांनी खिशातून माळ काढली. नऊवारीला खिसा नसतो, पण सासूबाईंच्या पोलक्याला आतून एक होता, फक्त माळेसाठी. म्हणाल्या, माय येतेय ना परवा. बघू.

फेब्रुवारीत लूर्दमातेच्या, म्हणजे मायच्याच, सणाआधी आमच्याकडे नोव्हेना असते. नऊ संध्याकाळी प्रार्थना, आणि माय गावात फिरते. चर्चमधली प्लास्टरची मूर्ती, पांढरा झगा, निळा पट्टा, चांगली दोन हात उंच. लाकडी डोलीत घालून ती एका घरून दुसऱ्या घरी जाते, एकेका घरी एक रात्र राहते. ज्या घरी ती असते तिथे तिला एकटं सोडायचं नाही. कोणीतरी खोलीत हवंच. पाहुणीला एकटी बसवून घरच्यांनी आपापल्या कामाला जायचं नसतं, इतकी ती साधी गोष्ट आहे. त्या वर्षी ती धक्क्यांतच फिरत होती, आणि प्रार्थनेची एक नवीच पद्धत पडली होती. धक्का बसला की सगळे बाहेर पळत, जमीन थांबली की परत येऊन माळ पुढे सुरू. फक्त कुठल्या मण्यावर थांबलो होतो यावरून भांडण. सासूबाईंचं मत, धक्का बसला की ती दहा मण्यांची फेरी बाद, पहिल्यापासून म्हणा. बाकीच्या बायकांचं मत, अशाने माळ ईस्टरपर्यंत संपणार नाही.

आमची पाळी आली त्या दिवशी नवे फादर सकाळीच येऊन गेले. वयाने माझ्याहून लहान, वसईकडचेच, पुस्तकी मराठी बोलणारे. म्हणाले, मिस्त्रीदादा, आज प्रार्थना आपण प्रांगणात घेऊ या का? सासरे म्हणाले, "अंगणात कोंबड्या बसतात, फादर. पाहुणी घरात बसते." फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरांकडे पाहिलं. विषय संपला.

संध्याकाळी माय आली. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोनाड्यात लाल-हिरव्या दिव्यांची माळ लुकलुकत होती. बायकांनी डोलीतून मूर्ती काढून कोनाड्यात ठेवली तेव्हा सासऱ्यांनी खाली वाकून तिच्या पायाशी एक बारीक पाचर सरकवली, ती डगमगू नये म्हणून. मला तेव्हाही राग आला. पाहुणीच्या पायाखाली पाचर, आणि भिंतीला?

खोली गच्च भरली. फादर दाराजवळ, कारण फादर शहाणे होते. काकी भिंतीला टेकून. सासूबाई समोर. मी मागे, हातात चहाच्या कपांचा ट्रे, कारण आमच्याकडे प्रार्थनेनंतर चहा दिला नाही तर प्रार्थना लागू होत नाही असा समज आहे. सासरे कोनाड्याशेजारी खुर्चीवर, काठी बाजूला.

माळ अर्ध्यावर आली. ज्या ओळीत मरणाच्या वेळेचा उल्लेख येतो ती ओळ सगळे एका सुरात म्हणत होते, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. आधी आवाजच येतो. मोठं पिंप कोणीतरी जमिनीखालून गडगडत नेतंय असा. मग सगळी खोली एकदा उजवीकडे गेली आणि परत आली.

यानंतर जे झालं त्यात भक्तीचा भाग थोडा होता. पुढाकार घेणं हे धर्मगुरूचं काम, त्यामुळे सर्वांत आधी फादर बाहेर पडले. त्यांच्या मागे ढोलकीवाला ढोलकीसह. मग बायका. कोणाच्या पायात कोणाची चप्पल. एका बाईने पळताना आमच्या शोकेसमधला प्लास्टिकचा गुलदस्ता उचलून आणला होता, का ते तिला आजतागायत सांगता आलेलं नाही. मी ट्रेसकट पळाले आणि एक थेंबही सांडला नाही. अंगणात पोचल्यावर माझ्या हातात वाफाळणारा चहा तयार होता आणि प्यायला कोणी नव्हतं. सासूबाई माझ्या पुढे होत्या. त्या इतक्या वेगाने पळू शकतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

जमीन थांबली. आतून टप टप असे आवाज आले. एकामागून एक कॅलेंडरं पडत होती. उघड्या दारातून आम्हाला भिंत दिसली, आणि पहिल्यांदा साऱ्या गावाला दिसली. कोनाड्यापासून छतापर्यंत, छतापासून खिडकीपर्यंत, फाटलेली. मग काकी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, माय आतच राहिली."

आणि सासरेही. ते आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, पण सगळ्यांना एकदमच लाज वाटली, आणि कोणाबद्दल जास्त वाटायला हवी हे कळेना. सासूबाई पुढे झाल्या, मी त्यांचा हात धरला, फादर म्हणाले मी जातो, ढोलकीवाला म्हणाला नको. एवढ्यात दारात सासरे दिसले.

त्यांनी मायला कवेत घेतलं होतं. दोन बायका डोलीत घालून जी मूर्ती धापा टाकत आणतात, ती त्यांनी एकट्याने उचलली होती, एक हात कमरेखाली, एक पाठीला. दिव्यांची माळ तिच्या गळ्यात अडकून प्लगसकट मागे घसरत येत होती. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे काठी आतच. पायरीवर ते थांबले. उजवा पाय खाली टाकला, मग डावा ओढून घेतला. अंगणात आले. मी ट्रे खाली ठेवला, मूर्ती धरायला पुढे झाले, तर त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि माझ्या बाजूने पुढे निघाले, सरळ काकींच्या अंगणात.

आम्ही सगळे मागोमाग. मिरवणूकच झाली ती, फक्त कोणी गात नव्हतं. काकींच्या दाराशी ते उभे राहिले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"पोरीला बाहेर काढ," ते काकींना म्हणाले.

काकी म्हणाल्या, सव्वा महिना झाला नाही, आणि भिंत तुमच्याच हातची हाय.

"माझ्याच हातची हाय म्हणून सांगतो. मागची खोली मी नंतर बांधली. जुन्या भिंतीत जोड घेतला नाय, नुसती टेकवलीय. मला माहीत हाय. पयल्या दिवसापासून माहीत हाय." मूर्ती त्यांनी छातीशी वर सरकवली. "मी राहिलो असतो आत. पडली असती तर माझी मीच बांधलेली. पण हिला कसं ठेवू? ती माझ्या भरवशावर येऊन बसली होती. तशी तुझी पोर बसलीय."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागून गेले. बाळंतीण, बाळ, शेगडी, गोणपाट, सगळं आम्ही बाहेर आणलं. यकृत आत राहिलं. बाळ तंबूत आल्यावर शिंकलं, काकी म्हणाल्या, बघ, वारा लागला, आणि तेवढं सोडलं तर त्याला काहीही झालं नाही.

प्रार्थना अंगणात पुरी झाली. या वेळी कुठल्या मण्यावर थांबलो होतो यावरून कोणी भांडलं नाही. सासूबाई म्हणाल्या पहिल्यापासून, आणि सगळ्यांनी गुपचूप पहिल्यापासून म्हटलं. उरलेल्या संध्याकाळी माय ज्या ज्या घरी गेली तिथे सासरे आधी जाऊन पोचत, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघत आणि घरमालकाला सांगत, हिला बाहेर बसव, आणि तूही बाहेर ये. आपल्याच बांधकामाची अशी जाहिरात करणारा दुसरा मिस्त्री मी पाहिलेला नाही. नोव्हेना संपेपर्यंत आमच्या वस्तीत आत झोपणारं कोणी उरलं नाही. त्या शनिवारी कन्फेशनला अशी रांग लागली की फादर शेवटी बाहेर येऊन म्हणाले, मायला सोडून पळाल्याचं पाप असेल तर ते वेगळं सांगायची गरज नाही, त्या बाबतीत मीच तुमचा पुढारी होतो.

खरं सांगायचं तर त्या भिंती पडल्या नाहीत. आमची कोनाड्याची भिंत पुढे सासऱ्यांनी दुसऱ्या गवंड्याकडून उतरवून घेतली, स्वतः समोर खुर्ची टाकून बसले आणि त्याच्या प्रत्येक विटेला नावं ठेवली. काकींची मागची खोली तर त्या पावसाळ्यातही उभीच होती, थोडी कललेली. त्यावरून लोक त्यांना चिडवत, की मिस्त्री, फुकट बाहेर काढलंत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. म्हणत, पडली नाय ते चांगलंच झालं, बाहेरून तरी बघायला मिळते. धक्के मात्र चालूच राहिले. त्यांना आता ते धक्का म्हणत. ट्रक हा शब्द आमच्या घरातून गेला.

पण मला आठवते ती माय आमच्याकडे राहिली ती रात्र. लोक घरी गेले होते. तंबूत एका पाटावर माय, तिच्यापुढे पणती, वर बोंबलांची दोरी. सासऱ्यांची खाट नवऱ्याने शिफ्टवरून येऊन बाहेर आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या तंबूत बसले होते, उलट्या घमेल्यावर, पाय चोळत. जेवणं झाली. मी भांडी घासत होते.

सासूबाई एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या. त्यांनी भाताला हातही लावला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पदराने पुसतही नव्हत्या. ज्या बाईने वर्षभर त्या खाटेशेजारची जागा सोडली नव्हती, ती मायला आणि नवऱ्याला एकाच धक्क्यात टाकून पळाली होती. मीही तर पळाले होते, पण माझं वेगळं, मी सून आहे आणि माझ्या हातात चहा होता.

सासऱ्यांनी पाय चोळायचं थांबवलं. त्यांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं.

"तू पळालीस तेच बरं झालं," ते म्हणाले. "दोघींना एकदम कसं उचललं असतं मी?"

सासूबाईंनी पोलक्याच्या खिशातून माळ काढली. आपला अर्धा भाग म्हटला आणि थांबल्या. या वेळी त्यांना वाट पाहावी लागली नाही.